पोंभुर्ण्यात नवा फोन घ्यायचाय? मेगापिक्सेलच्या आधी बँड विचारा

धानाचा चुकारा खात्यात आला किंवा तेंदूच्या हंगामाची मजुरी हातात पडली, की बऱ्याच घरांत नव्या फोनचा विषय निघतो. जुना फोन हँग होतोय, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही, स्टोरेज तर कधीचंच फुल्ल. मग यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून होतात आणि शेवटी दोन फोन उरतात. किंमत जवळपास सारखीच. एकावर ५० मेगापिक्सेल लिहिलंय, दुसऱ्यावर १०८. एकात ८ जीबी रॅम, दुसऱ्यात '८ अधिक ८'. घ्यायचा कुठला?

हे व्हिडिओ बहुतेक वेळा मोठ्या शहरात बसून केलेले असतात. तिथे टॉवर जवळ असतो, फोन एसी खोलीत असतो आणि सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असतं. पोंभुर्णा तालुक्यात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. पूर्वेला वैनगंगा आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा, मध्ये धानाच्या बांध्या आणि जंगल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. फोन बिघडला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी बहुधा चंद्रपूर गाठायचं, म्हणजे एका दिवसाचा रोज बुडणार. त्यामुळे शहरात जो फोन 'नंबर वन' ठरतो, तो इथेही पहिलाच येईल असं नाही.

आधी अंगणवाडीच्या फोनची गोष्ट

फोन चुकीच्या निकषावर घेतला की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण अंगणवाडी सेविकांचं आहे. २०१९ मध्ये पोषण अभियानाच्या कामासाठी राज्यातल्या सेविकांना सरकारकडून स्मार्टफोन मिळाले. त्यात रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. बालकांची वजनं, उंची, आहाराचं वाटप अशी सगळी नोंद त्यात करायची होती. फोन हँग व्हायला लागले, तापायला लागले. वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या खिशातून जाऊ लागला. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी 'मोबाइल वापसी' आंदोलन केलं आणि फोन सरकारला परत केले. २० फेब्रुवारी २०२३ पासून झालेल्या संपातही नवे मोबाइल ही एक मागणी होतीच.

यातली खरी गोम अशी की मिळाले त्या दिवशी ते फोन अगदीच टाकाऊ नव्हते. पण कामाचं ॲप दरवर्षी जड होत जातं आणि फोन तेवढाच राहतो. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराच्या वाटपासाठी लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी त्याच पोषण ट्रॅकरवर करावी लागते. म्हणजे आता कॅमेरा, इंटरनेट आणि प्रोसेसर तिघांवरही ताण. २०१९ मध्ये फोन निवडताना हे कुणाच्या डोक्यात असणार?

पेन्शनरांचंही तसंच. हयातीचा दाखला घरबसल्या काढायचा तर जीवन प्रमाणच्या चेहरा ओळखणाऱ्या ॲपसाठी ४ जीबी रॅम, ५०० एमबी मोकळी जागा आणि किमान ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा सांगितला आहे. सरकारी कामालाच आज ४ जीबी लागत असेल, तर चार वर्षं वापरायचा फोन ४ जीबीचा घेणं म्हणजे पहिल्या दिवसापासून काठावर उभं राहणं.

नेटवर्क: डब्यावर न लिहिलेली गोष्ट

दुकानात सगळे विचारतात, '५जी आहे ना?' उत्तर 'हो' येतं आणि विषय संपतो. खरा प्रश्न पुढे आहे: ५जीचे कुठले बँड आहेत?

मोबाइलचं सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवरून येतं. प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला एक नंबर असतो, त्याला बँड म्हणतात. ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे एन ७८, वेग भरपूर देतो, पण लांब जात नाही आणि भिंत आडवी आली की लगेच मंदावतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे एन २८, वेगात कमी पडतो, पण लांब पोचतो आणि घरात, झाडीत जास्त चांगला शिरतो. पानांमध्ये पाणी असतं आणि पाणी रेडिओ लहरी शोषतं. जंगलाच्या कडेच्या गावांत पावसाळ्यात सिग्नल आणखी रडत असेल, तर भिजलेली झाडी हे त्याचं एक कारण असू शकतं. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकं हे नुकसान जास्त.

ऑगस्ट २०२२ मध्ये ५जीचा लिलाव झाला, तेव्हा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा फक्त जिओने घेतला, तोही देशाच्या सगळ्या २२ सर्कलमध्ये. एअरटेलच्या ५जीची मदार मुख्यतः ३५०० वर आहे. बीएसएनएलच्या ४जीतही ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, तिथे तो बँड २८ म्हणून ओळखला जातो, आणि सोबत २१०० आहे. म्हणजे जिओ किंवा बीएसएनएल वापरणाऱ्याने फोनमध्ये २८ हा आकडा शोधायलाच हवा: ५जीसाठी एन २८, बीएसएनएल ४जीसाठी बँड २८. काही स्वस्त आणि जुन्या फोनमध्ये हा बँड नसतो. अशा फोनमध्ये टॉवर समोर उभा असला तरी त्याचं ७०० मेगाहर्ट्झचं सिग्नल पकडताच येत नाही. सिम बदलून उपयोग नाही आणि फोन रीस्टार्ट करूनही नाही.

बीएसएनएलचा विचार इथे मुद्दाम करायला हवा. ज्या गावांत ४जी पोचलंच नव्हतं अशा २४,६८० गावांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून कंपनीचं स्वदेशी ४जी नेटवर्क अधिकृतपणे सुरू झालं. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांच्या आतल्या भागात काही ठिकाणी दुसऱ्या सिमचा स्लॉट बीएसएनएलसाठी ठेवणं शहाणपणाचं ठरतं. फक्त एक बघायचं: बीएसएनएलचं व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल, प्रत्येक फोनवर चालतंच असं नाही.

बँड कुठे बघायचे? कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर 'नेटवर्क' नावाचा तक्ता असतो. मॉडेल भारतातलंच आहे ना, याची खात्री करा. एकाच नावाच्या फोनमध्ये देशानुसार बँड बदलतात. आपल्या गावात कुठल्या कंपनीचं काय पोचतं, हे ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर नकाशात दाखवावं लागतं. नकाशा बघा, पण शेवटचा शब्द त्याचा मानू नका. शेजाऱ्याचा फोन घेऊन स्वतःच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि शेतातल्या मांडवाखाली उभं राहून बघितलेलं केव्हाही जास्त खरं.

मग गावात ५जी नसेल तर ५जी फोनवर पैसे घालवायचे का? चार-पाच वर्षं फोन वापरायचा असेल तर हो. पण दहा हजारांच्या आसपासच्या काही ५जी फोनमध्ये '५जी' हा शब्द परवडावा म्हणून स्क्रीन आणि स्टोरेज हलकं टाकलेलं असतं, हेही लक्षात ठेवावं. आणि ५जीचं सिग्नल येतं-जातं अशा ठिकाणी फोन सतत शोधत राहतो, त्यात बॅटरी जाते. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर ठेवता येतं.

घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंगची सोय आहे का तेही बघा. जिओ आणि एअरटेलवर ती २०१९-२० पासून आहे. जाड मातीच्या भिंतींच्या घरात तिचा मोठा आधार होतो.

बांधावर उभं राहून फोटो काढायचा असेल तर

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. तेव्हापासून शेतकऱ्याचा फोन हे एक प्रकारे सातबाऱ्याचं हत्यार झालंय. पिकाचा फोटो काढताना तुम्ही खरंच त्या गटात उभे आहात का, हे ॲप जीपीएसवरून ठरवतं. रोजगार हमीच्या, वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरीसुद्धा अशीच, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह ॲपवर घ्यायचा नियम झाला. वनविभागातली गस्त एम-स्ट्राइप्स ॲपवर नोंदवली जाते आणि २०१८ च्या व्याघ्रगणनेपासून खुणांची नोंदही त्यावरच होते.

या सगळ्या कामांत जीपीएस भरकटलं तर फोन कितीही महागडा असो, काम अडतं. झाडाखाली उपग्रहाचं सिग्नल फांद्यांवर आपटून उशिरा येतं आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या बांधीत आहोत. ज्या फोनमध्ये एल १ आणि एल ५ असे दोन्ही पट्टे चालतात, म्हणजे 'ड्युअल बँड जीपीएस', तो ही चूक बरीच कमी करतो. होकायंत्राचा सेन्सर, म्हणजे मॅग्नेटोमीटर, आहे का तेही विचारा. स्वस्त फोनमध्ये पैसे वाचवायला तो गाळतात आणि मग नकाशात तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही.

दुकानदाराला यातलं माहीत नसेल तर साधी चाचणी आहे. दोन्ही फोन घेऊन दुकानाबाहेर या, नकाशाचं ॲप उघडा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ किती लहान होतं, किती वेळात होतं ते बघा. लहान आणि लवकर, तो फोन बरा.

'८ अधिक ८' म्हणजे १६ नव्हे

दुसऱ्या ८ ला व्हर्च्युअल रॅम म्हणतात. ती रॅम नसते. फोनच्या स्टोरेजमधला तुकडा रॅमसारखा वापरायला घेतलेला असतो आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. घरात जागा नाही म्हणून धान्याची पोती अंगणात रचावीत, तसा प्रकार. तेव्हा पहिला आकडाच वाचा.

स्टोरेजच्या बाबतीत १२८ जीबी एवढंच बघून भागत नाही, त्याचा प्रकार विचारा. ईएमएमसी हा जुना प्रकार, यूएफएस हा नवा. यूएफएस २.२ चा वाचण्याचा वेग ईएमएमसीच्या साधारण तिप्पट-चौपट असतो. व्हॉट्सअॅप उघडायला दोन वर्षांनी जो उशीर होतो, त्यात याचा मोठा हात असतो. ६ जीबी रॅम आणि यूएफएसवाला फोन, ८ जीबी आणि ईएमएमसीवाल्यापेक्षा बहुतेकदा जास्त काळ साथ देतो. ही माहिती डब्यावर क्वचितच सापडते, वेबसाइटवर सापडते. तिथेही लपवली असेल तर ईएमएमसी समजून चाला.

चंद्रपूरचा उन्हाळा आणि बॅटरी

ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश हे वापराचं तापमान सांगते. चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतलं तापमानच त्याच्या दहा अंश वर असतं. कुठल्याही कंपनीचा फोन तापला की तो स्वतःला वाचवायला स्क्रीन मंद करतो, चार्जिंग हळू करतो, कधी कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करतो. हा बिघाड नाही. पण लिथियमची बॅटरी वर्षामागून वर्ष अशी भाजत राहिली तर तिची ताकद कायमची घटते.

म्हणून इथे दोन गोष्टींना जास्त गुण द्यायला हवेत. एक, मोठी बॅटरी. ५,००० एमएएच आता साधारण झाली, ६,००० किंवा त्याहून मोठी बॅटरी देणारे फोन मध्यम किमतीत मिळतात. लाइन गेली आणि रात्रभर आलीच नाही, तर ६७ वॉटचं जलद चार्जिंग काय कामाचं? दुसरं, स्क्रीनचा उजेड. तो 'निट्स'मध्ये मोजतात. पण जाहिरातीतला मोठा आकडा एखाद्या क्षणापुरता, स्क्रीनच्या छोट्या भागाचा असतो. 'हाय ब्राइटनेस मोड' नावाने दिलेला आकडा बघा, आणि त्याहून बरं म्हणजे फोन दुपारी उन्हात धरून बघा.

मोटारसायकलच्या हँडलला फोन लावून फिरण्याची सवय असेल तर आणखी एक. जोरदार इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली हलती भिंगं बिघडू शकतात, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. त्यात वरून ऊन. फोन तापला म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव जमून तो कायमचा जाईल. कव्हर काढून सावलीत ठेवला की पुरतं.

पाण्याचं थोडक्यात. आयपी ५४ किंवा ६४ म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील. आयपी ६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. रोवणीच्या दिवसांत फोन बांधीत पडला तर त्या चिखलाचा यात हिशेब नाही. आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, आयपी कितीही असो.

कॅमेरा

१०८ मेगापिक्सेलचा फोन ५० वाल्यापेक्षा दुप्पट चांगला फोटो काढतो, हा गैरसमज आहे. सेन्सरचा आकार आणि ओआयएस, म्हणजे हात हलला तरी भिंग सावरून घेणारी सोय, या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. झाडीपट्टीतलं नाटक रात्रीच्या अपुऱ्या उजेडात मागच्या रांगेतून शूट करून बघा, फरक लगेच दिसेल. '२ मेगापिक्सेल मॅक्रो' हा तिसरा डोळा संख्या वाढवायलाच बसवलेला असतो.

किती वर्षं चालणार?

इथे दोन फोनमधला फरक सगळ्यात मोठा असतो आणि विचारतात सगळ्यात कमी लोक. सुरक्षा अपडेट थांबले की फोन लगेच बंद पडत नाही, पण बँकेची आणि पैशांची ॲप चालवायला तो हळूहळू धोक्याचा होतो, आणि पुढे ॲपच साथ सोडतात. व्हॉट्सअॅपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वर चालणं बंद केलं. ५ मे २०२५ पासून आयफोन ५ एस, ६ आणि ६ प्लस यांवरही ते चालेनासं झालं.

गुगल पिक्सेल ८ पासून पुढच्या फोनना सात वर्षं अपडेट देते. सॅमसंगने गॅलेक्सी ए १६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचं वचन दिलं. तितक्याच किमतीत दोन-तीन वर्षांवर थांबणारे फोनही दुकानात शेजारीच असतात. १५ हजारांचा फोन सहा वर्षं चालला तर वर्षाला अडीच हजार पडतात. १२ हजारांचा तीन वर्षांत निवृत्त झाला तर वर्षाला चार हजार. मात्र ही वर्षं फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल 'बंपर सूट' म्हणून मिळत असेल तर तेवढी वर्षं आधीच वजा करा.

मग दोनपैकी कुठला?

शेतकरी, अंगणवाडी किंवा आशा सेविका, रोजगार सेवक, वनरक्षक यांच्यासाठी क्रम असा लावावा: आपल्या सिमचे बँड, जीपीएस, ६ जीबी खरी रॅम आणि यूएफएस, बॅटरी, अपडेटची वर्षं, आणि मग कॅमेरा. या क्रमात आधी जो फोन हरला तो बाद, पुढचे गुण बघायची गरज नाही. कॉलेजचा विद्यार्थी बहुतेक वेळ चंद्रपूर किंवा नागपुरात राहणार असेल तर बँडचा मुद्दा खाली सरकतो, अपडेट आणि स्क्रीन वर येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मोठा आवाज आणि उन्हात दिसणारी स्क्रीन एवढंच बघून घेतलं तरी चालेल.

दोन्ही फोन सगळ्यांत बरोबरीने उतरले, तर ज्याचं सर्व्हिस सेंटर चंद्रपुरात आहे तो घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून ते कळतं. दुकानदाराच्या 'सगळं होऊन जाते इथंच' यावर विसंबू नका. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यावर काही कंपन्यांची दुरुस्तीची माहिती सापडते. फोनची वॉरंटी एक वर्षाची असली तरी अनेक कंपन्या चार्जरसारख्या सोबतच्या वस्तूंना सहाच महिने देतात, कार्डावर वाचून घ्या.

जुना फोन खरंच बदलायला हवा का, हेही एकदा तपासा. रॅम ६ जीबी आहे, अपडेट येताहेत आणि फक्त बॅटरी उतरते, तर कंपनीकडून नवी बॅटरी बसवणं नव्या फोनच्या मानाने फार स्वस्त पडतं. 'थोडं थांबलो की किमती उतरतील' हा हिशेब मात्र सध्या धरता येत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत आणि त्याचा भार फोनच्या किमतींवर येतोय.

पैसे देताना

फोनवर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. पक्कं बिल मागितलं म्हणून वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. बिलावर आयएमईआय नंबर लिहून घ्या. तो फोनवर *#०६# दाबल्यावर दिसतो, डब्यावरच्या नंबराशी जुळवून बघा.

'शून्य टक्के व्याज' अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठल्यातरी खिशातून जातंच: प्रोसेसिंग फी म्हणून, नाहीतर रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला न देऊन. रोखीची किंमत वेगळी विचारा आणि सगळे हप्ते जोडून तुलना करा. हप्ता चुकला तर फोन लॉक करण्याची अट करारात आहे का, ते सही करण्याआधी वाचा. चुकारे लांबले तर हप्ता चुकणं ही इथे नवलाची गोष्ट नाही.

सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा आणि आयएमईआय नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येतं. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर उत्तरात कळेल. विकणाऱ्याने आपलं गुगल खातं काढलंय ना, ते त्याच्यासमोरच बघा. नाहीतर रीसेट केल्यावर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसेल. आणि तुमचा जुना फोन एक्स्चेंजमध्ये देताना हेच उलट्या बाजूने: व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या, गुगल खातं काढा, मगच रीसेट करा, आणि सिमसोबत मेमरी कार्डही काढून घ्या.